त्वचेवरील पुरळ आणि दडलेले अर्बुद

त्वग्विकाराचा रुग्ण हा आपल्या चिकित्सालयांचा जुना व भरवशाचा रुग्ण आहे. गिरगाव असो, दादर असो, वा आम्ही जेथे बसतो ते लालबाग असो. सायंकाळी आलेल्या दहा रुग्णांत तीन-चार तरी खाज, गजकर्ण, इसब अथवा सोरायसिस यांचे निघतात. मुंबईची दमट हवा, लोकलमधील घाम आणि पावसाळ्यात चाळीच्या गॅलरीत अर्धवट वाळलेले कपडे यांनी ही संख्या कधी कमी होऊ दिली नाही. आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन, महामंजिष्ठादि काढा, खदिरारिष्ट, जोडीला करंज तेल आणि पथ्य. एवढ्यावर बहुतेकांना उतार पडतो आणि वैद्याचे नाव होते. या यशातूनच आपणा सर्वांना एक सवय जडली आहे. पुरळ दिसले की ‘रक्तदुष्टी’ हा शब्द आपल्या लेखणीतून आपोआप उतरतो आणि पुढचा विचार थांबतो. या सवयीविषयी लिहिण्याचा आम्हास अधिकार आहे, कारण तिची किंमत आमच्याच एका रुग्णेने मोजली.

२०१४ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या चोपन्न वर्षांच्या बाई आमच्याकडे आल्या. चेहरा व छातीचा वरचा भाग लालसर, पापण्या किंचित सुजलेल्या व जांभळट, हातांच्या बोटांच्या सांध्यांवर लालसर चपटे उंचवटे. स्वयंपाकघरातील उष्णता, आंबट-तिखटाचा आहार, रजोनिवृत्तीचे वय. पित्तप्रकोपाचे चित्र आमच्या मनात पुरे होण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. मृदु विरेचन, सारिवा-मंजिष्ठा, चंदनाचा लेप. पंधरवड्याने त्यांनी सहज सांगितले, “डॉक्टर, हात वर जात नाहीत, वेणी सूनबाई घालते.” आम्ही अवबाहुक समजून महानारायण तेल लिहून दिले. पुढच्या खेपेस जिने चढवत नाहीत ही तक्रार आली, ती आम्ही संधिवाताच्या खात्यावर टाकली. वजन उतरले होते. पथ्याचा परिणाम म्हणून आम्ही त्याचे कौतुक केले, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

अडीच महिन्यांनी सून त्यांना परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात घेऊन गेली. तेथील तरुण डॉक्टरने पापण्या पाहिल्या, बोटांचे सांधे पाहिले आणि स्टुलावर बसलेल्या बाईंना हातांचा आधार न घेता उभे राहण्यास सांगितले. त्यांना उभे राहता आले नाही. डर्माटोमायोसायटिस या नावाचा, त्वचा व मांस या दोहोंना ग्रासणारा हा विकार होता. प्रौढ रुग्णात हा विकार दिसला की शरीरात कोठे अर्बुद दडले आहे काय याचा शोध घ्यावयाचा असतो. तो घेतला तेव्हा बीजांडकोशाचा कर्करोग उदरात पसरलेला आढळला. शस्त्रकर्म झाले, केमोथेरपी झाली. बाई त्यानंतर दोन वर्षे आणि काही महिने जगल्या. अडीच महिने आधी त्या तेथे पोहोचल्या असत्या तर काय झाले असते हे कोणीही निश्चित सांगू शकणार नाही. परंतु ते अडीच महिने आमच्याकडे गेले, हे निश्चित आहे.

येथे कोणी म्हणेल की असले विकार विरळ असतात. वैद्याने आयुष्यात एखादाच पाहावा. डर्माटोमायोसायटिस विरळ आहे हे खरे. पण २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड या तीन देशांतील रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात या विकाराच्या ६१८ रुग्णांपैकी १९८ जणांना कर्करोग असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांत त्वचेचे निदान आधी झाले आणि अर्बुद मागाहून सापडले. विकाराचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हा धोका सर्वांत अधिक असतो. अलीकडे रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांच्या तपासणीवरून कोणत्या रुग्णात अर्बुदाचा शोध अधिक कसून घ्यावा हेही ठरविता येते. आपल्या हाती ती तपासणी नाही. पण जांभळट पापण्या, बोटांच्या सांध्यांवरील उंचवटे आणि हात वर न जाणे या तीन गोष्टी एकत्र पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. आम्ही तिन्ही पाहिल्या होत्या. एकत्र पाहिल्या नाहीत, एवढेच.

आता शास्त्राकडे वळू. आपल्यापैकी काहींना असे वाटते की या साऱ्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या गोष्टी आहेत. आम्हास तसे वाटत नाही. चरकाच्या विमानस्थानात व्याधितरूपीय नावाचा अध्याय आहे. मोठ्या व्याधीचा रुग्ण सत्त्व व बल यांमुळे किरकोळ दुखण्याचा वाटतो आणि किरकोळ दुखण्याचा रुग्ण मोठ्या व्याधीचा वाटतो. वरवर पाहणारा वैद्य दोन्हीकडे फसतो, असे त्याचे प्रतिपादन. पोळ्या लाटत लाटत दुखणे अंगावर काढणारी आमची रुग्णा या अध्यायातील उदाहरणच होती. गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी हाही सिद्धांत आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य पथ्य देऊनही जो त्वग्विकार हलत नाही, त्याचा तो अनुपशय हेच एक लक्षण होय. आपण मात्र अनुपशय दिसला की काढा बदलतो. निदानार्थकर रोगाची कल्पना, म्हणजे एक व्याधी दुसऱ्या व्याधीचा हेतू होतो, हीदेखील आपलीच. इंद्रियस्थानात तर अकस्मात झालेला वर्णबदल अरिष्टांत गणला आहे. ग्रंथकारांना पापणीवरील जांभळेपण व बीजांडकोश यांचा संबंध ठाऊक होता असा दावा आम्ही करणार नाही; तसे दावे करून आपण आपले हसे करून घेतो. पण अशा प्रसंगी थांबून पुन्हा पाहावे ही शिस्त त्यांनी निश्चितच घालून दिली होती.

व्यवहारात कोणत्या पुरळांपाशी थांबावे? सगळी यादी येथे देण्यात अर्थ नाही. लाकडाच्या चिरलेल्या फळीवरील नक्षीप्रमाणे एकात एक लाल वलये उमटून रोज थोडी पुढे सरकणारे पुरळ, १९५२ साली गॅमेल यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णेत वर्णिलेले, आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिले नाही आणि बहुधा पाहणारही नाही. स्वादुपिंडातील एका विशिष्ट अर्बुदात जांघेत सरकत जाणारे, कडांना सोलवटणारे पुरळ उठते, सोबत मधुमेह व कृशता असते. तेही तसेच दुर्मिळ. नाव आठवले नाही तरी चालेल. रोगाला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकानेच सूत्रस्थानात म्हटले आहे.

पण काही चिन्हे आपल्या दाराशी नेहमी येणारी आहेत. मान व काखेतील काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा घ्या. अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स हे तिचे नाव. आज दादर-परळमधील प्रत्येक दुसऱ्या स्थूल तरुणाच्या मानेवर ती दिसते. ती मेदोवृद्धी व मधुमेहाच्या उंबरठ्याची खूण असते आणि तेथे कर्करोगाची भीती घालणे हा अपराध ठरेल. परंतु हाच काळेपणा पन्नाशी उलटलेल्या, वजन उतरत असलेल्या माणसात काही आठवड्यांत भराभर पसरला, ओठांवर व तोंडात खरखरीतपणा आला, तळहात जाड व सुरकुतलेले झाले, तर जठराचा विचार मनात आलाच पाहिजे. फरक वयाचा, वेगाचा आणि वजनाचा आहे. वृद्धांच्या पाठीवर मसासारखे तपकिरी खवले असतातच. ते अल्पकाळात मोठ्या संख्येने उगवून खाजू लागले तर तेही अंतर्गत अर्बुदाचे चिन्ह मानण्याची प्रथा आहे. मात्र म्हातारपणी दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणेही आढळतात, म्हणून या चिन्हाच्या मोलाविषयी तज्ज्ञांतच मतभेद आहेत.

आणि पुरळावाचून खाज. हिच्यापाशी आपण सर्वाधिक चुकतो. अंगावर नखांच्या ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही, रात्री झोप नाही, सोबत बारीक ज्वर वा रात्रीचा घाम, मानेत किंवा काखेत गाठ: अशा तरुणात हॉजकिनचा लसिकाग्रंथींचा कर्करोग असू शकतो. साठीच्या रुग्णात अशी खाज उठून पाठोपाठ डोळे पिवळे झाले आणि मळ पांढुरका पडला, तर पित्तमार्ग कोठे अडला आहे हे पाहिल्याशिवाय कामलेचे औषध सुरू करू नये. काखेत हात घालून गाठ चाचपण्यास अर्धे मिनिट लागते. आपण नाडीवर बोटे ठेवतो, जीभ पाहतो. काख मात्र पाहत नाही.

एक जुनी हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. पॅरिसचे विख्यात चिकित्सक आर्मान ट्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानांत सांगितले होते की शिरांमध्ये रक्त गोठून येणारी, जागा बदलणारी सूज हे दडलेल्या कर्करोगाचे चिन्ह असू शकते. पुढे त्यांच्या स्वतःच्या अंगावर तशी सूज आली. त्यांनी आपले निदान आपणच ओळखले आणि १८६७ साली जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे विकृतिविज्ञानाची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने त्या रेषेवरील त्वचा घासून जाड होते, तिचा रंग पालटतो आणि काहींत तेथेच कर्करोग होतो, हे त्यांनी त्यात दाखविले. ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव त्यातून रूढ झाले. पुढे साडीच्या आत घट्ट बांधलेल्या परकराच्या नाडीनेही असेच घडल्याच्या नोंदी मुंबईतून झाल्या. हे उदाहरण दडलेल्या अर्बुदाचे नव्हे, हे आम्हास ठाऊक आहे. येथे रोग त्वचेवरच होतो. पण खानोलकरांनी जे विचारले ते आपल्या भाषेत विहार होय: हा मनुष्य काय नेसतो, कसा नेसतो, किती वर्षे. आणि त्यासाठी रुग्णाची कंबर उघडून पाहावी लागली. आपल्या चिकित्सालयांत दाखविलेली जागा तेवढी पाहून चिठ्ठी लिहिली जाते.

शिस्त लावून घेता येते, याचा दाखला याच परिसरात आहे. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० सालचे. महारोगाच्या भीतीने असो वा शिक्षणाने असो, आज फिकट चट्टा दिसला की आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण तेथील संवेदना तपासतो. कापूस किंवा टाचणी हाती घेतल्यावाचून बाकुची लिहून देत नाही. तेच दुसऱ्या बाबतीत का होऊ नये?

आता थोडे अप्रिय लिहावयाचे आहे. तळहात-तळपायांवर मक्याच्या दाण्यासारखे कठीण ठिपके आणि अंगावर काळ्या-पांढऱ्या थेंबांची शिंपण असे चित्र दिसले की ते सोमलाच्या दीर्घ सेवनाचे चिन्ह समजावे. अशा रुग्णांत त्वचेचा, फुप्फुसाचा व मूत्राशयाचा कर्करोग पुढे उद्भवू शकतो आणि त्यात कित्येक वर्षांचे अंतर जाते. एकोणिसाव्या शतकात युरोपातही सोरायसिसला सोमलाचे द्रावण सर्रास देत. १८८७ च्या सुमारास जोनाथन हचिन्सन यांनी त्याच रुग्णांत हे ठिपके व कर्करोग यांचा संबंध दाखविला. आपल्याकडे रसमाणिक्य हरताळापासून सिद्ध होते आणि ते त्वग्विकारातच दिले जाते. शास्त्रोक्त शोधन केलेले, मोजक्या मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी वैद्याच्या देखरेखीखाली दिलेले औषध आणि कोणा अनोळखी भगताकडून बारा-बारा वर्षे आणलेल्या पुड्या या दोहोंना एका मापाने मोजू नये. तथापि प्रश्न दोन्हीकडे विचारला पाहिजे: काय घेतले, कोठून घेतले, किती काळ घेतले. आपण तो विचारीत नाही, कारण उत्तर आपल्याच व्यवसायाकडे बोट दाखवील अशी भीती वाटते. औषधविक्रेत्या बंधूंनाही स्मरण द्यावेसे वाटते की परिशिष्ट ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती सूचना वाचून गिऱ्हाईकाला चिठ्ठी विचारणारे किती?

औषधविक्रेत्यांचे स्थान या विषयात आमच्याहून महत्त्वाचे आहे, कारण लाजेचा रुग्ण आमच्यापर्यंत येतच नाही. चाळीस-पन्नाशीची स्त्री मुलीला दुकानात पाठवून ‘खाजेवर मलम’ मागविते. कोठे लावावयाचे हे कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. एकाच स्तनाग्रावर इसबासारखी लाली, खपली, ओलसरपणा आणि मलमाने महिना-महिना न हटणे, हे स्तनाच्या कर्करोगाचे चिन्ह असू शकते. जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली अशा पंधरा स्त्रिया पाहिल्याचे नोंदविले. प्रत्येकीत जास्तीत जास्त दोन वर्षांच्या आत स्तनात कर्करोग प्रकट झाला होता. दीडशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञान गणेश गल्लीतल्या औषधाच्या दुकानाच्या फळीपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही. आणि ते मलम बहुधा स्टिरॉइडमिश्रित असते. त्याने लाली चार दिवस दबते, रुग्णाला बरे वाटते, नळी संपली की दुसरी येते. त्वचेतच उद्भवणारा लसिकापेशींचा एक कर्करोग असा आहे की तो वर्षानुवर्षे इसब वा सोरायसिस म्हणून वागतो. अशा मलमांखाली तो आणखी झाकला जातो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची चौदा स्टिरॉइडे परिशिष्ट एच मध्ये घातली ती चिठ्ठीवाचून विक्री थांबावी म्हणूनच. हेच मलम कित्येक आयुर्वेदीय व्यवसायी स्वतः लिहून देतात, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

रुग्ण दुसरीकडे पाठविला तर तो कायमचा जातो, ही आपली खरी अडचण आहे. मानापमानाच्या गोष्टी आपण बोलतो, पण मुळाशी उपजीविका आहे; लालबागला दुकानभाडे भरणाऱ्याने हे नाकारू नये. शिवाय ‘टाटाला जा’ हे शब्द या भागात उच्चारणे म्हणजे घरात रडारड. परळच्या फुटपाथवर बाडबिस्तरा घेऊन बसलेले परगावचे रुग्ण व दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील कुटुंबे रोज पाहणाऱ्यांना तो शब्द ऐकवत नाही. म्हणून आम्ही एकदम टाटाचे नाव काढीत नाही. जवळच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या त्वचारोग विभागासाठी चिठ्ठी देतो आणि सांगतो, “आमचे औषध चालू ठेवण्याआधी आतले एकदा पाहून घेऊ.” गुल्मचिकित्सेत पक्व गुल्म दिसला की चरक तो धन्वंतरीच्या संप्रदायाकडे सोपवितो, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

त्या २०१४ नंतर आमच्या केसपेपरवर दोन गोष्टी वाढल्या. प्रत्येक त्वग्विकाराच्या रुग्णाचे प्रत्येक भेटीस वजन होते आणि पहिल्या दिवसापासून मोजून एकविसाव्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. त्या दिवशी उतार नसेल तर काढा बदलावयाचा नाही. रुग्णास कपडे सैल करावयास सांगून, स्त्री रुग्ण असल्यास घरच्या स्त्रीसमक्ष, संपूर्ण त्वचा, तोंड, तळहात, मान, काख पुन्हा पाहावयाची, स्टुलावरून हात न टेकता उठवून पाहावयाचे आणि तरीही उलगडा न झाल्यास चिठ्ठी द्यावयाची. चिठ्ठीत पुरळ केव्हा सुरू झाले, कोठून कोठे पसरले, वजन किती उतरले आणि आम्ही काय काय दिले ते औषधांच्या नावांसह लिहितो. औषधांची नावे लिहिल्याने समोरचा डॉक्टर आपल्याला हिणवील असे प्रथम वाटले होते. एक-दोघांनी हिणविलेही. बाकीच्यांनी उलट उत्तर पाठविले.

अशा चिठ्ठ्या घेऊन गेलेले बहुतेक रुग्ण साध्या सोरायसिसचे वा औषधाच्या अ‍ॅलर्जीचे निदान घेऊन परत आले. दोघे तसे आले नाहीत. त्यांपैकी एक गिरगावातील शिंपी, वय एकसष्ट. मान व तळहात तीन महिन्यांत काळे-जाड झाले होते आणि भूक गेली होती. त्यांच्या जठरातील अर्बुद शस्त्रकर्मास योग्य अवस्थेत सापडले. केमोथेरपी सुरू असताना तेथील डॉक्टरांच्या संमतीने त्यांचा आहार आम्ही सांभाळला: पेज, मुगाचे कढण, डाळिंब. तळहातांची त्वचा पुष्कळशी निवळली आहे. अजूनही महिन्यातून एकदा येतात, वजनकाट्यावर स्वतःच उभे राहतात आणि आकडा आम्हास मोठ्याने वाचून दाखवितात.